स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड : तुकडे कुठे पाडायचे, आणि ‘क्लीडो’ की ‘क्लायडो’?

कृष्णाकाठ_फिजिओ (सांगली)

फिजिओथेरपी, पहिलं वर्ष. मानेच्या पुढच्या बाजूच्या या स्नायूचं नाव तोंडी परीक्षेत नुसतं म्हणून चालत नाही. सिलॅबल पाडून दाखवायचे, मूळ शब्द सांगायचे आणि त्यावरून स्नायू कुठून कुठे जातो तेही सांगायचं. वहीत मी असं पाडलंय:

स्टर – नोक – ली – डो – मास – टो – ईड

सात झाले. वर्गात कुणी सहा म्हणतं, कुणी नऊ. हिंदी गाइडमध्ये ‘स्टर्नोक्लीडोमैस्टॉयड’ छापलंय, लेक्चरला मात्र ‘क्लायडो’ ऐकू येतं. आणखी दोन शंका. ‘मास्टॉइड’ कानामागे म्हणजे डोक्याच्याच हाडावर आहे, तर हा शब्द ‘मस्तक’वरून आलाय का? आणि क्लॅव्हिकलसाठी (गळ्याखालचं आडवं हाड) ‘क्लॅव्हि’ सोडून ‘क्लायड’ कुठून आलं, त्यातला ‘ड’ कुणाचा? जाणकारांनी सांगावं.

अक्षरजुळारी (सातारा)

सहा, सात आणि नऊ हे तिन्ही आकडे कुठून येतात ते आधी बघू, म्हणजे वाद मिटेल.

नऊवाले देवनागरी अक्षरं मोजतायत. स्ट, र्नो, क्ला, य, डो, मॅ, स्टॉ, इ, ड. कागदावर बरोबर नऊच भरतात. पण सिलॅबल डोळ्यांनी मोजत नाहीत, कानांनी मोजतात. एका झटक्यात जेवढं तोंडातून बाहेर पडतं तेवढा एक. ‘क्लाय’ला आपण दोन अक्षरं लिहितो, पण जीभ एकदाच झटका देते. शेवटच्या ‘ड’मध्ये तर स्वर उच्चारातच नसतो. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं आणि म्हणताना एकच झटका, तसंच हे. म्हणून इंग्रजी उच्चाराचे सिलॅबल सहा:

स्टर् – नो – क्लाय – डो – मॅस् – टॉइड

तुमच्या सातमध्ये दोन चुका आहेत. पहिली ‘नोक – ली’. इथे ‘क्ल’ हे जोडाक्षर तुम्ही चिरलंत आणि ‘क’ मागच्या तुकड्याला चिकटवलात. ते अख्खं पुढच्या तुकड्याचं आहे. याची किंमत नुसत्या उच्चारात मोजावी लागत नाही. ‘नोक’ असा तुकडा पाडला की ‘क्लायड’ हे मूळ दिसेनासंच होतं, मग अर्थ कुठून सांगणार?

दुसरी ‘टो – ईड’. यावर मात्र कुणी हसू नये. ग्रीकमध्ये ते ‘मास्टोएइदेस’ असं चार झटक्यांचंच होतं, आणि लॅटिन पूर्ण नावाच्या शेवटी ‘मास्टोइदेउस’ येतं, तिथेही ‘ओ’ आणि ‘इ’ सुटे उच्चारतात. इंग्रजीत ते दोन्ही एकमेकांत मिसळून ‘ऑइ’ असा एकच सरकता स्वर झाला. परीक्षेत इंग्रजी उच्चार विचारतात, तेव्हा ‘टॉइड’ एका झटक्यात म्हणा. सोपा ताळा सांगतो. ‘थायरॉइड’ हा शब्द आता घरोघरी बरोबर म्हणतात, ‘थाय-रॉइड’, दोन झटके, जोर पहिल्यावर. तोच साचा धरा आणि ‘मॅस्-टॉइड’ म्हणा.

‘मैस्टॉयड’ हे हिंदीच्या सोयीचं लेखन आहे. हिंदीत ‘ऐ’चा उच्चार ‘ॲ’च्या जवळ जातो, त्यामुळे त्यांचं काम भागतं. मराठीत ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’. तेच छापील रूप मराठी माणसाने वाचलं की ‘मइस्टॉयड’ होतं. आपल्याकडे अर्धचंद्र आहे, तो वापरा आणि ‘मॅ’ लिहा.

आणखी एक खास आपल्याकडची खोड. ‘ट’ म्हणताना जीभ मागे वळते आणि तिच्यापाठोपाठ आधीचा ‘स’ही वळतो. म्हणून एस.टी.ची ‘यष्टी’ होते, मास्तरांचे ‘माष्टर’ होतात आणि टपालाचं ‘पोष्ट’ होतं. यात गावंढळ काही नाही. पाणिनीने ‘ष्टुना ष्टुः’ या सूत्रात (८.४.४१) हाच नियम सांगून ठेवलाय. फक्त इंग्रजी ‘ट’ दातांच्या वरच्या हिरडीपाशी होतो, त्यामुळे तिथे ‘स’ला वळायचं कारण उरत नाही. या नावात ‘स्ट’ दोनदा येतो, सुरुवातीला आणि ‘मॅस्टॉइड’मध्ये. दोन्हीकडे ‘ष्ट’ झाला की नाव एकदम ‘ष्टर्नोक्लीडोमाष्टाईड’ ऐकू येतं. ‘सकाळ’मधला ‘स’ म्हणा, तिथेच थांबा, मग ‘ट’ म्हणा.

अक्षरजुळारी (सातारा)

‘क्लाय’ आणि ‘ड’ राहिलं होतं, ते वेगळ्या उत्तरात देतो.

ग्रीकमध्ये किल्लीला ‘क्लेइस’ म्हणतात. हे झालं एकटं उभं असलेलं रूप. ‘किल्लीचा’ म्हणायचं झालं की ‘क्लेइदोस’. म्हणजे ‘द’ मुळात होताच, एकट्या रूपात लपला होता. आपल्याकडे ‘विंचू’मध्ये ‘व’ कुठे दिसतो? पण ‘चा’ लावला की ‘विंचवाचा’. वैद्यकातले समास या सामान्यरूपासारख्या अंगावर बांधतात, म्हणून ‘क्लेइद्’ अधिक जोडणारा ‘ओ’. असेच लपलेले व्यंजन इतरत्रही सापडतील. डोळ्यातला ‘आयरिस’, पण त्यावरची शस्त्रक्रिया ‘इरिडेक्टॉमी’. ‘डर्मा’ म्हणजे त्वचा, पण शास्त्र ‘डर्मॅटॉलॉजी’.

ग्रीक ‘एइ’ लॅटिनमध्ये जाताना दीर्घ ‘ई’ झाला आणि इंग्रजीने आपल्या दीर्घ ‘ई’चा ‘आय’ केला. म्हणून ‘क्लाय’. ‘क्लीडो’ म्हणणारे मधल्या टप्प्यावर उतरलेत. समोरच्याला कळतं, पण कोशातला उच्चार ‘क्लायडो’ आहे आणि परीक्षेत तोच म्हणावा. ‘क्लायंट’मधला ‘क्लाय’ घ्या, ‘डो’ लावा, झालं.

स्पेलिंगमध्ये हमखास चुकतं ते इथेच. सी, एल, ई, आय, डी, ओ. उच्चारात ‘ई’ ऐकूच येत नसल्याने ती गळते. ताळा असा करा: ‘स्टर्नो’ची ६ अक्षरं, ‘क्लायडो’ची ६, ‘मॅस्टॉइड’ची ७, एकूण १९. लिहून झाल्यावर मोजा. अठरा भरली तर बहुतेक ‘क्लायडो’तली ‘ई’ पडलेली असते.

तानपुरा_आणि_तात्पर्य (मिरज)

म्हणजे आपली ‘किल्ली’ आणि ग्रीकांची ‘क्लेइस’ एकच की! ‘क-ल’ दोन्हीकडे आहे. लक्षात ठेवायला याहून सोपं काय असणार?

ठेक्याचंही सांगतो. सहा झटके म्हटल्यावर मिरजेतल्या माणसाला दादरा आठवणारच, पण दादऱ्याचे विभाग तीन-तीनचे. हे नाव दोन-दोनचं चालतं: स्टर्-नो, क्लाय-डो, मॅस्-टॉइड. प्रत्येक जोडीत पहिल्यावर वजन, आणि तिसऱ्या जोडीतलं वजन सगळ्यांत जड. सम तिथे.

अक्षरजुळारी (सातारा)

@तानपुरा_आणि_तात्पर्य, ठेका अगदी बरोबर. मुख्य आघात ‘मॅस्’वर, दुय्यम आघात ‘स्टर्’ आणि ‘क्लाय’वर, आणि ‘नो’, ‘डो’ हलके. आपण मराठी माणसं प्रत्येक ‘ओ’ भरपूर ओढतो, त्यामुळे सगळेच झटके सारखे जड होतात आणि सम हरवते.

किल्लीचं मात्र जमत नाही. ‘किल्ली’ आपल्या ‘कील’वरून आली. कील म्हणजे खुंटी, मेख. तुमच्या तानपुऱ्याच्या खुंटीला ती जास्त जवळची. ग्रीक ‘क्लेइस’ वेगळ्या घराण्यातली.

पण नातं आहे, फक्त दुसऱ्या दाराने आलंय, आणि मला ते जास्त आवडतं. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणतात. ग्रीक ‘क्लेइस’ची ती सख्खी चुलत बहीण. छोटी किल्ली ती ‘क्लाविकुला’, तिचंच ‘क्लॅव्हिकल’ झालं. आता ‘क्लाविस’चं पोर्तुगीजमध्ये ‘शावि’च्या आसपासचं रूप झालं, आणि पोर्तुगिजांच्या कुलपांबरोबर ते आपल्याकडे येऊन ‘चावी’ झालं. म्हणजे ‘चावी’ आणि ‘क्लॅव्हिकल’ एकाच शब्दाच्या लेकी. दोघींमधला ‘व’ अजून शाबूत आहे. लक्षात ठेवायचंच असेल तर किल्ली सोडा, चावी धरा.

यावरून मूळ प्रश्नातल्या एका शंकेचं उत्तर मिळतं. एकच हाड लॅटिनने सांगितलं की ‘क्लॅव्हि’, ग्रीकने सांगितलं की ‘क्लायडो’. सांध्याच्या नावात ‘स्टर्नोक्लॅव्हिक्युलर’ येतं आणि स्नायूच्या नावात ‘क्लायडो’. हाड बदललेलं नाही.

तालीम_ते_टेबल (सांगली, फिजिओथेरपी)

भाषेचं झालं, आता नाव अंगावर वाचू. स्नायूचं नाव दोन-तीन हाडांवरून पडलं असेल तर साधारण रिवाज असा: सुरुवात आधी, शेवट नंतर. हा स्नायू दोन ठिकाणांहून निघतो, म्हणून पुढे दोन नावं, आणि एका ठिकाणी पोचतो, म्हणून मागे एक.

‘स्टर्नॉन’ म्हणजे छाती. स्नायूचं हे टोक स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या भागाच्या, मॅन्युब्रियमच्या, पुढच्या पृष्ठावरून निघतं. गोल, दोरीसारखं आणि कंडरेचं असतं. ‘क्लेइद्’ म्हणजे किल्ली. दुसरं टोक क्लॅव्हिकलच्या मधल्या बाजूच्या एक-तृतीयांश भागाच्या वरून निघतं. ते चपटं आणि मांसल असतं. दोन्ही वर, मागे, बाहेर सरकत एकत्र येतात आणि कानामागच्या मॅस्टॉइड प्रोसेसच्या बाहेरच्या अंगाला लागतात. काही तंतू तिथे न थांबता मागे ऑक्सिपिटल हाडाच्या (कवटीच्या मागच्या हाडाच्या) सुपीरिअर न्यूकल रेषेच्या बाहेरच्या अर्ध्यापर्यंत जातात. तो भाग नावात नाही. ‘नावात नसलेलं इन्सर्शन (शेवटाची जागा) कोणतं’ असा प्रश्न परीक्षक घालू शकतात, तयारी ठेवा.

हाताने शोधायचा असा. समोरच्याला खुर्चीत बसवा. आपला तळवा त्याच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला ठेवा आणि ‘तोंड डावीकडे वळवा’ सांगून हलका विरोध करा. उठून दिसेल तो उजवा स्नायू. निम्मी मुलं इथे घसरतात, ज्या बाजूला तोंड वळलं त्याच बाजूचा स्नायू सांगतात. एकट्या उजव्याने मान उजव्या खांद्याकडे कलते आणि तोंड डावीकडे वळतं. का, ते नावातच आहे: कानामागचं टोक छातीकडे ओढलं की कान खाली आणि पुढे येतो, मग नाक दुसऱ्या बाजूला जाणारच. लहान मुलाचा उजवा स्नायू जन्मतः आखडलेला असेल तर डोकं उजवीकडे कललेलं आणि चेहरा डावीकडे दिसतो तो याच कारणाने. त्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात, लॅटिन ‘टॉर्टस’ म्हणजे पिळलेलं, ‘कोलम’ म्हणजे मान.

स्नायू ताठ झाला की बोट खाली गळ्याच्या खळगीकडे घसरवत न्या. क्लॅव्हिकलच्या लगेच वर, दोन टोकांच्या मधे, त्रिकोणी खाच लागेल. इंटर्नल जुग्युलर व्हेन (मानेतली मोठी शीर) त्या खाचेच्या मागेच असते, म्हणून तिथे चाचपताना दाबायचं नाही. ‘दोन टोकं’ पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाहीत, ही खाच एकदा बोटाला लागली की ‘स्टर्नो’ आणि ‘क्लायडो’ वेगळे का लिहिलेत ते कळतं. आपल्या भागात नमुना बघायला लांब जावं लागत नाही, तालमीत पैलवान पूल काढताना मानेवर दोन्ही दोऱ्या लांबून मोजता येतात.

या स्नायूची नर्व्ह ॲक्सेसरी, म्हणजे अकरावी क्रेनियल (डोक्यातली) नर्व्ह. संवेदनेसाठी सी-दोन, सी-तीन, म्हणजे मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नर्व्ह.

कृष्णाकाठ_फिजिओ (सांगली)

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. ‘मस्तक’चं कुणी बोललं नाही. आणि ‘टॉइड’चा अर्थ? ‘मास्ट’ अधिक ‘ऑइड’ असे तुकडे असतील तर सिलॅबल ‘मॅस् – टॉइड’ कसे? ‘ट’ इकडचा की तिकडचा?

अक्षरजुळारी (सातारा)

‘मस्तक’ विसरा. नुसता आवाज जुळतो. ग्रीक ‘मास्टॉस’ म्हणजे स्तन. ‘मॅस्टायटिस’, ‘मॅस्टेक्टॉमी’ त्यावरूनच. कानामागचा तो हाडाचा उंचवटा खाली निमुळता होत स्तनाग्रासारखा दिसतो, म्हणून ‘मॅस्टॉइड’, स्तनाच्या आकाराचा. जबड्याचा ‘मॅसेटर’ यात ओढू नका. त्याचं मूळ चावण्याच्या क्रियापदात आहे.

‘ऑइड’ म्हणजे ‘च्या आकाराचा’, ग्रीक ‘एइदोस’वरून, म्हणजे रूप. पाहणे, जाणणे या अर्थाच्या ज्या जुन्या धातूपासून आपला ‘विद्’ आणि ‘वेद’ आले, त्याच धातूचा हा ग्रीक वंशज. हा एक प्रत्यय पक्का केलात तर डझनभर हाडं-स्नायू हातात येतात: झिफॉइड तलवारीसारखा, स्फीनॉइड पाचरीसारखा, स्कॅफॉइड होडीसारखा, कोरॅकॉइड कावळ्याच्या चोचीसारखा, एथमॉइड चाळणीसारखा, थायरॉइड ढालीसारखा.

इथे एक सापळा आहे. ‘कॅलायडोस्कोप’मधला ‘आयडो’ म्हणजे हेच ‘एइदोस’. पण ‘क्लायडो’मधला ‘आयडो’ ते नाही, तो किल्लीचा तुकडा आहे. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून ‘क्ल’ तोडून ‘आयडो म्हणजे आकार’ असं उत्तर ठोकून देणारे निघतात.

‘ट’ कुणाचा? अर्थाने ‘मास्ट’चा, उच्चाराने ‘टॉइड’चा. ‘घरात’ बघा. अर्थाने ‘घर + आत’, म्हणताना ‘घ – रात’. ‘र’ घराचाच, पण झटक्यात पुढे उडी मारतो. ‘स्टर्न + ओ’चं ‘स्टर् – नो’ आणि ‘क्लायड + ओ’चं ‘क्लाय – डो’ तसंच झालंय. म्हणून परीक्षकाने ‘सिलॅबल’ विचारले की एक फोड, ‘मुळं’ विचारली की दुसरी. मुळं चार: स्टर्न, क्लायड, मास्ट, ऑइड. मधे दोन जोडणारे ‘ओ’. ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर ‘स्टर्नो’नंतर किंवा ‘क्लायडो’नंतर तोडा, म्हणजे दोन्ही फोडी शाबूत राहतात.

‘स्टर्नॉन’मध्ये एक बोनस. व्युत्पत्तिकार त्याला ‘पसरणे’ या धातूशी जोडतात, संस्कृतातला ‘स्तृ’. ‘विस्तीर्ण’ त्यातलाच, आणि रोजचं ‘अंथरूण’ही.

सराव मागून पुढे करा, पुढून मागे नको. आधी नुसतं ‘मॅस्टॉइड’, मग ‘क्लायडोमॅस्टॉइड’, मग पूर्ण. प्रत्येक पायरी पाच-पाच वेळा. पुढून सुरुवात केली की श्वास ‘क्लाय’वर खर्ची पडतो आणि ज्या ‘मॅस्’वर खरं वजन हवं तोच गिळला जातो. तोंडी परीक्षेत नेमकं हेच ऐकू येतं: ‘स्टर्नोक्लायडोम्स्ट्ड’.

कृष्णाकाठ_फिजिओ (सांगली)

मराठीत लिहायचं झालं तर ‘उरोजत्रुकर्णमूलिका’ चालेल ना? एका टिपणात दिसलं. पण त्यात ‘उरोज’ म्हणजे स्तन, तो मॅस्टॉइडमधला स्तन का? मग पहिल्या नंबरावर कसा आला?

तालीम_ते_टेबल (सांगली, फिजिओथेरपी)

पुन्हा ‘नोक – ली’ केलंत! ‘उरोज – त्रु’ नाही, ‘उरो – जत्रु’. उरस् म्हणजे छाती, जत्रु म्हणजे गळ्याजवळचं किल्लीचं हाड. आयुर्वेदवाले मानेवरच्या रोगांना ‘ऊर्ध्वजत्रुगत’ म्हणतात, त्यातला जत्रु. कर्णमूल म्हणजे कानाचं मूळ, मॅस्टॉइडची जागा. क्रम ग्रीक नावाचाच ठेवलाय, पण तिसऱ्या तुकड्यात आकार सोडून जागा सांगितलीय, त्यामुळे स्तन या नावात कुठेच नाही.

अक्षरजुळारी (सातारा)

आणि ‘उरः’चा ‘उरो’ झाला तो पुढे ‘ज’ आला म्हणून. जत्रु गाळून नाव केलं तर ‘क’ येतो आणि विसर्ग तसाच राहतो, ‘उरःकर्णमूलिका’.

आता मानेतल्याच आणखी एका स्नायूचं नाव स्वतः फोडा: ‘ओमोहायॉइड’. सूचना देतो. ‘ओमॉस’ हा संस्कृत ‘अंस’चा ग्रीक भाऊ, आणि ‘हाय’ हे एका ग्रीक अक्षराचं नाव.

कृष्णाकाठ_फिजिओ (सांगली)

अंस म्हणजे खांदा. खांद्याकडून हायॉइड हाडाकडे. हायॉइड म्हणजे त्या अक्षराच्या, उप्सिलॉनच्या (υ) आकाराचं. सिलॅबल ओ – मो – हा – यॉइड, चार.

अक्षरजुळारी (सातारा)

आकडा बरोबर, फोड पुन्हा देवनागरीने फसवली. ‘हायॉइड’ लिहिताना ‘य’ ‘ऑ’ला चिकटतो, पण तो ‘हाय’चा आहे. ओ – मो – हाय – ऑइड.